डोणीचा उजवा बोळा

मी एक जुनी दगडी डोण आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांना डोण म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, म्हणून आधी ते सांगते. तीन हात लांब, हातभर रुंद आणि वीतभर खोल कोरलेला काळा दगड म्हणजे मी. परसात न्हाणीच्या फरशीला लागून मला बसवलेलं होतं. माणसं फरशीवर बसून अंघोळ करत आणि त्यांच्या अंगावरून उतरलेलं सगळं पाणी माझ्या पोटात येई. आजही मी त्याच भूम गावात, त्याच परसात आहे. पण आता माझ्यात कुणी पाणी घालत नाही. माझ्या पोटात चार फुटक्या कुंड्या आणि सायकलची एक गंजकी साखळी पडलेली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दगडाला काही वाटत नाही असं तुम्ही लोक धरून चालता, ते मात्र मला पटत नाही.

मला घडवलं गोरोबा पाथरवटानं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. सालाचं म्हणाल तर आम्हा दगडांना त्यात फारसं कळत नाही, पण दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. गोरोबा बोलायचा कमी आणि ठोकायचा जास्त. गावातले किराणा दुकानदार धोंडप्पा त्याच्याकडं आले, छिन्नीचे घाव मोजत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "गोरोबा, भोकं दोन पाड. एक डावीकडं, एक उजवीकडं."

"दोन कशापायी, मालक? पानी काय दोन गावाला जानार हाय का?"

"डावीकडं भाजी लावीन. उजवीकडं काय लावायचं ते अजून ठरलं न्हाय. पर भोक असू दे. पुन्हा ही धोंड उचलून तुज्याकडं कोण आणणार?"

गोरोबानं मान हलवली आणि दोन भोकं पाडली. खरं सांगते, ती पाडताना फार दुखलं. पण माझ्या आयुष्यात जे काही सांगण्यासारखं घडलं ते सगळं त्या दोन भोकांमुळंच घडलं.

बैलगाडीतून मी घरी आले. धोंडप्पांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे दोन घट्ट बोळे केले आणि माझ्या दोन्ही भोकांत बसवले. सकाळच्या अंघोळी आटोपल्या की त्या डावा बोळा ओढत. पाणी मातीच्या चारीतून खळखळत वाफ्यात जाई. वांगी, अळू, कढीपत्ता, कोपऱ्यात कर्दळ. आमच्या भागात पाण्याची बोंब जुनीच. गल्लीला एक विहीर, आणि उन्हाळ्यात तिच्या काठावर घागरींची रांग. अशा गावात वैशाखातही आमच्या परसात अळूचं पान सुपाएवढं होई. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारत, "गिरिजाबाई, पाणी कुठून आणता हो एवढं?" गिरिजाबाई माझ्याकडं बोट दाखवत. मी दगड असल्यामुळं फुगत नाही, नाहीतर तेव्हाच फुगून फुटले असते.

भिंतीपलीकडं बाबामियाँ पिंजाऱ्यांचं घर होतं. दिवसभर त्यांच्या पिंजणाचा टणटण आवाज चाले आणि वाऱ्यावर कापसाची म्हातारी उडत आमच्या अळवावर येऊन बसे. त्यांच्या बायकोचं नाव मदिनाबी. दोघांना मूलबाळ नव्हतं. मदिनाबी आणि गिरिजाबाई यांची मैत्री भिंतीवरून कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, देण्याघेण्यातून झाली आणि पुढं भिंत फक्त कोरड्यासाची वाटी ठेवायला उरली.

मग एका श्रावणात धोंडप्पा येडशीच्या रामलिंगाला गेले आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून बेलाचं रोप घेऊन आले. बोटाएवढं खोड आणि पाच-सहा पानं. माझ्या उजव्या चारीच्या टोकाला त्यांनी ते लावलं. मी म्हटलं, चला, उजव्या भोकाला एकदाचं काम मिळालं. पण गिरिजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्याला हिरीचं पाणी. न्हाणीचं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्याचं पान उद्या लिंगावर जाणार हाय. अंगाचा मळ, पायाची धूळ, असलं पाणी मी ह्याला घालू देणार न्हाय."

"बरं," धोंडप्पा म्हणाले. नवरा 'बरं' म्हणाला की वाद संपला असं बायका समजतात. कधीकधी तो तिथून सुरू होतो.

गिरिजाबाई रोज विहिरीवरून एक कळशी खास बेलासाठी आणत आणि त्याच्या बुंध्याशी ओतत. पहिला उन्हाळा आला, विहीर खाली गेली, कळशी अर्धी झाली, रोपाची पानं मान टाकू लागली. धोंडप्पा सगळ्यांच्या आधी, झुंजुमुंजू होताना अंघोळीला येत. एके दिवशी अंग पुसता पुसता त्यांनी मागं वळून घराकडं पाहिलं. मग खाली वाकले आणि माझा उजवा बोळा हळूच ओढला. चार-पाच तांब्यांचं पाणी रोपापर्यंत गेलं. त्यांनी बोळा परत बसवला, वरून अंगठ्यानं दाबला आणि 'शिवशिव' म्हणत आत गेले. गिरिजाबाई परसात येईपर्यंत चारीतली ओल मातीत मुरून गेलेली असे. तो उन्हाळाभर आणि पुढचाही उन्हाळाभर हे चाललं. झाड जगलं. गिरिजाबाई सगळ्यांना सांगत, हिरीच्या अर्ध्या कळशीवर जगलं हो माझं बेलाचं झाड. मी गप्प राहिले. नवरा-बायकोच्या मध्ये दगडानं पडू नये.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही. हे लिंगायतांचं घर. गळ्यात लिंग, रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा. वर्षातून दोन-तीनदा त्यांचे जंगम स्वामी घरी येत. मग माझ्याच शेजारी पाट मांडायचा, पितळी ताटात त्यांचे पाय धुवायचे, आणि ते पायाचं पाणी घरातल्या सगळ्यांनी तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून प्यायचं. त्यातला एक थेंबही माझ्यात पडू देत नसत. मी दोन हातांवर होते, पण मला वास सुद्धा नाही. तेव्हा मला जरा राग यायचा. पायांचं पाणी मी रोज पोटात घेत होते, पण ते दुकानातून आणि शेतातून आलेल्या पायांचं. त्याला तीर्थ कोण म्हणणार?

बेल माणसाच्या उंचीचा झाला त्या वर्षी धोंडप्पा तापानं आजारी पडले. शेवटच्या दिवसांत त्यांची बाज उन्हाला म्हणून परसात टाकलेली असे. एकदा त्यांनी गिरिजाबाईंना जवळ बोलावलं.

"गिरिजे, सोमवारी माज्या समाधीवर ह्या झाडाचं एक पान ठेवत जा. दुसऱ्या झाडाचं नको. ह्येच."

"ठेवीन," गिरिजाबाई म्हणाल्या.

त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. धोंडप्पांची समाधी गावाबाहेर, त्यांच्याच रानात होती. त्यानंतर एकही सोमवार गेला नाही. ऊन असो, पाऊस असो, गिरिजाबाई सोमवारी अंघोळ करून ओल्या केसांनी बेलापाशी येत, एक पान निवडून तोडत आणि रानाची वाट धरत. ते झाड म्हणजे त्यांच्यासाठी नवऱ्याला दिलेला शब्द होता, आणि शब्द हिरवा ठेवायचा तर झाड हिरवं राहायला हवं होतं.

आता माझ्या बदनामीची गोष्ट. लढाईच्या दिवसांत साबण मिळेनासा झाला. मुलगा गुरुसिद्धप्पा दुकान बघत होता. त्यानं कुठून तरी धुण्याचा सोडा आणला. त्याची बायको शांतम्मा आधी रिठ्यानं धुणं धुवायची, ती सोड्यानं धुऊ लागली. कपडे बगळ्यासारखे निघत. आणि ते पाणी येई माझ्यात, माझ्यातून वाफ्यात. पंधरा दिवसांत वांग्यांच्या पानांच्या कडा जळाल्या, अळू माना टाकून पडलं, मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसला.

"बघ, शांते," गिरिजाबाई म्हणाल्या, "न्हाणीचं पाणी शेवटी न्हाणीचंच. झाडाला मारतंय ते."

मदिनाबी भिंतीला वळसा घालून आल्या. त्यांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. "आक्का, पाण्यात खोट न्हाय, सोड्यात हाय. आमच्या मेंदीला बी मोरीचंच पाणी जातंय. बघा कशी तरारलीया. रिठा वापरा न्हाय तर सोड्याचं पाणी गल्लीत टाका."

शांतम्मानं ऐकलं. सोड्याचं धुणं ती फरशीपासून लांब धुऊ लागली, आणि एका पावसाळ्यात माती पुन्हा गोडीला आली. वाफ्यात वांगी लागली. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गिरिजाबाईंनी माझ्या उजव्या भोकातला जुना बोळा काढला, त्याच्या दुप्पट जाड नवा केला आणि लाटण्यानं ठोकून बसवला. "हे भोक आता उघडायचं न्हाय," त्यांनी सगळ्यांना बजावलं. मला वाईट वाटलं. चूक सोड्याची, आणि शिक्षा मला.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. इंग्रज गेले होते, पण आमच्याकडं अजून निजामच होता, आणि गावात धाडींची, लुटीची कुजबुज वाढली होती. माणसं एकमेकांकडं बघून बोलायच्या आधी थांबू लागली. ज्यांचे नातेवाईक निजामाच्या सरहद्दीपलीकडं होते ती घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. फाल्गुनात गुरुसिद्धप्पा एक दिवस परसात येऊन आईसमोर उभा राहिला.

"आव्वा, आपण बार्शीला जाऊ. शांतीचे मामा हायत तिथं. इथं आता ऱ्हाणं बरं न्हाय."

"तुमी जावा. सोमवारचं काय करू मी? आन ह्या झाडाचं?"

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी मदिनाबी आल्या आणि माझ्या काठावर बसल्या. "आक्का, तुमी जावा. झाड म्या बघते. आन सोमवारचं पान हे ठेवतील. धोंडप्पाभाऊ काय ह्यांचे कुणी नव्हते का?"

गिरिजाबाईंनी परसदाराची किल्ली कमरेतून काढली, पण लगेच दिली नाही. "रोज एक कळशी. हिरीची. न्हाणीचं पाणी घालायचं न्हाय, मदिना. शपथ घे."

"जबान दिली," मदिनाबी म्हणाल्या.

गाडी गेली. घराला कुलूप लागलं. मित्रांनो, रिकाम्या घरातली न्हाणी फार लवकर कोरडी होते. आठवड्याभरात माझ्या पोटात धूळ आणि कापसाच्या म्हाताऱ्या. वाफ्यातलं अळू गेलं, वांगी गेली, कर्दळ काळी पडली. रोज सकाळी मदिनाबी दार उघडून कळशीभर पाणी घेऊन येत, बेलाच्या बुंध्याशी ओतत आणि सोमवारी एक पान तोडून बाबामियाँच्या हातात देत. बाबामियाँ टोपी नीट करत, पान दोन बोटांत जपून धरत आणि रानाकडं चालू लागत.

चैत्र कसाबसा गेला. वैशाखात विहिरीनं तळ दाखवला. चिखलातून वाटीवाटीनं पाणी भरायचं, तेव्हा घराला दोन घागरी मिळायच्या. त्यातच प्यायचं, रांधायचं, सगळं. मदिनाबींनी कळशीची अर्धी कळशी केली. मग तांब्यावर आल्या. ऊन एवढं होतं की तांब्याभर पाणी मुळापर्यंत पोचायच्या आधीच नाहीसं होई. बेलाची पानं पिवळी पडून गळू लागली. एका संध्याकाळी त्या माझ्या काठावर येऊन बसल्या आणि स्वतःशीच मोठ्यानं बोलू लागल्या.

"आक्काला हिरीच्या पाण्याची जबान दिली. हिरीत पाणीच न्हाय. आता झाड मारू का जबान मोडू?"

बाबामियाँ परसदारात उभे होते. ते आत आले. "न्हाणीचं नको म्हणाल्या ना त्या? मग न्हाणीचं घालू नको. आपल्या वुजूचं घाल. नमाजाआधी हातपाय धुतो ते पाणी घमेल्यात धर."

"ते बी पायाचंच पाणी हाय."

"हाय. पर ते पाय देवापुढं उभं ऱ्हायाला धुतलेले असतात."

"पाणी नसलं तर मातीनं बी वुजू चालतोय म्हणता ना तुमी?"

"चालतंय की. पर मातीनं केला तर झाडाला काय मिळणार?"

मदिनाबी हसल्या. खूप दिवसांनी त्या परसात कुणी हसलं. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "घालते. झाड मरू देत न्हाय मी. पर आक्काची जबान मोडली ती मोडली. शब्दाचा कीस पाडून मला सुटायचं न्हाय. त्या आल्या की तोंडानं सांगीन."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. दोघांचा पाच वेळचा वुजू. एकेक तांब्या पाणी, ओंजळ ओंजळ करून हातावर, तोंडावर, पायांवर, आणि खाली घमेलं. दर वेळी ते घमेलं माझ्यात रितं व्हायचं. थोडं थोडं ओतलं तर उन्हात उडून जातं, हे मदिनाबींना कळलं होतं, म्हणून त्या दिवसभराचं माझ्यात साठवत, वर गोणपाट टाकत आणि पाचव्या वेळचं पाणी आलं की सोडत. पहिल्या दिवशी उजवा बोळा निघेना. लाटण्यानं ठोकलेला तो! मदिनाबींनी सळईनं उचकटून काढला तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या. त्यांनी आपल्या हिरव्या ओढणीचा तुकडा फाडून नवा बोळा केला.

दहा तांबे पाणी. मोजायला गेलं तर बरोबर एक कळशी. किती वर्षांनी माझ्या उजव्या चारीतून पाणी गेलं! मी ते पाणी चांगलं ओळखते. त्यात ना साबण होता ना सोडा, फक्त दोन म्हाताऱ्या माणसांच्या हातापायांची धूळ होती. पानं गळायची थांबली. मृग लागायच्या आत शेंड्याला तांबूस पालवी फुटली. एकही सोमवार चुकला नाही.

पाऊस आला आणि घमेल्याचं काम संपलं. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. वैशाखात आमच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, भाद्रपदात बाबामियाँच्या दाराला आतून कडी लागली. घाबरायची पाळी आता मुसलमानांच्या घरांची होती. पिंजणाचा आवाज बंद झाला. भिंतीपलीकडून दिवसभर चुलीचा धूरही दिसेना. मला भीती वाटली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

अश्विनात आमचं कुलूप उघडलं. गिरिजाबाई गाडीतून उतरल्या त्या थेट परसात आल्या. ओसाड वाफा, माझ्यात पावसाचं शेवाळं, आणि उजवीकडं बेल, हिरवागार. त्या झाडाला हात लावून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मग भिंतीवरून हाक मारली, "मदिना." ओ नाही. पुन्हा हाक मारली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या स्वतः गेल्या. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"मदिना, कडी काढ. मी हाय, गिरिजा."

कडी निघाली. बराच वेळ दोघींचं रडणं तेवढं ऐकू आलं. गिरिजाबाई मदिनाबींचा हात धरूनच त्यांना परसात घेऊन आल्या आणि शांतम्माला म्हणाल्या, "हिनं माझा शब्द राखला गं. वैशाखात बी हिरीचं पाणी घातलं."

मित्रांनो, तेव्हा मदिनाबी गप्प बसल्या असत्या तर काय बिघडणार होतं? पाऊस सगळं धुऊन गेला होता. जाणती मी एकटी, आणि मला तोंड नाही. पण मदिनाबींनी हात सोडवून घेतला.

"आक्का, न्हाय राखला. हिरीला पाणी नव्हतं. म्या आन ह्यांनी वुजूचं पाणी घातलं. हातापायाचं."

गिरिजाबाईंचा चेहरा दगडाचा झाला. मी दगड आहे, मला ते ओळखू येतं.

"कवापासून?"

"वैशाखापासून. पाऊस पडेस्तोवर."

"आन सोमवारची पानं?"

"त्याच पाण्याची."

गिरिजाबाई घरात गेल्या. मदिनाबींनी कमरेची किल्ली काढून माझ्या काठावर ठेवली आणि निघून गेल्या. शनिवार होता तो. ती किल्ली शनिवारभर आणि रविवारभर माझ्या काठावर पडून होती. कुणी ती उचलायला धजलं नाही. मला इतकं लहानसं ओझं इतकं जड कधी झालं नव्हतं.

रविवारी शांतम्मा भांडी घासता घासता सासूला हळूच म्हणाली, "आत्या, त्यांनी सांगितलं नसतं तर आपल्याला कळलं बी नसतं."

"व्हय," गिरिजाबाई म्हणाल्या. "त्याचाच इचार करायलेय मी."

सोमवार उजाडला. गिरिजाबाई अंघोळीला आल्या. शांतम्मा ऊन पाण्याचा हंडा ठेवून बाजूला उभी राहिली. दोघींच्याही मनात एकच होतं, आज पान तोडलं जाणार की नाही. न तोडलं तर नवऱ्याचा शब्द मोडणार. तोडलं तर आयुष्यभर पाळलेलं मोडणार. पाणी गिरिजाबाईंच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पायांवरून माझ्यात उतरत राहिलं. अंघोळ झाली तरी त्या उठल्या नाहीत. ओल्या लुगड्यानं तशाच बसून राहिल्या.

"शांते, सामी येतात तवा त्यांचे पाय धुतलेलं पाणी आपण काय करतो?"

"तीर्थ म्हणून घेतो, आत्या."

"पायाचंच असतंय ना ते?"

"व्हय."

"ती दोघं तहानेली ऱ्हायली आसतील, शांते. दोन घागरीत माणसं प्यायची का झाड जगवायचं. आन मी दोन दिस झाले, पाणी कसलं व्हतं त्याचा हिशेब करत बसले."

मग त्या वाकल्या. माझ्या तळाशी चाचपडल्या, आणि त्यांच्या हाताला हिरव्या ओढणीचा बोळा लागला. क्षणभर तो त्यांनी नुसता धरून ठेवला. मग ओढला. त्यांच्या अंघोळीचं सगळं पाणी माझ्या उजव्या भोकातून चारीत, चारीतून बेलाच्या मुळाशी गेलं. झाड लावलं त्या दिवसापासून दहा वर्षं त्यांनी ते अडवून धरलं होतं. मला त्या वेळी जो आनंद झाला तो माझ्या अख्ख्या आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नाही.

त्यांनी एक पान तोडलं. माझ्या काठावरची किल्ली उचलली आणि ओल्या केसांनीच मदिनाबींच्या दारात गेल्या.

"ही तुज्याकडंच असू दे. आन चल, चपला घाल. बाबामियाँनाबी घे. आज सगळ्यांनी मिळून जाऊ."

तिघं गल्लीतून रानाकडं गेली. गल्लीतली बंद दारं थोडी थोडी उघडली म्हणे. मी तिथं नव्हते, म्हणून शपथेवर सांगत नाही.

मात्र एक गोष्ट मला शपथेवर सांगता येईल, आणि ती गिरिजाबाईंना कधीच कळली नाही. त्या दिवशी बोळा ओढताना मला ओरडून सांगावंसं वाटलं होतं, की बाई, तुमच्या नवऱ्यानंही हेच केलं होतं. पहाटे, चोरून, दोन उन्हाळे. तुमच्या झाडाचं मूळच न्हाणीच्या पाण्यावर रुजलंय. पण आता वाटतं, मला तोंड नव्हतं ते बरंच झालं. धोंडप्पांनी केलं म्हणून त्यांनी ते करायला नको होतं. त्यांनी आपल्या मनानं केलं.

आता ती सगळी माणसं गेली. बेल अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याची पानं पुन्हा पिवळी पडली. घरातली एक मुलगी रोज प्यायच्या पाण्याची बाटली आणून त्याच्या बुंध्याशी ओतते. गोड मुलगी आहे. तिच्याच घरातलं पाच माणसांच्या अंघोळीचं पाणी रोज सकाळी माझ्या शेजारून नळीतून गटारीकडं जातं, ते तिला दिसत नाही, कारण नळी झाकलेली आहे. मला ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं पाणी रोज जातं. ते कुठं जातं, एवढं एकदा जाऊन बघा. त्यात सोडा नको, तिखट साबण नको. ते मदिनाबींनी सांगितलंय. बाकी त्यात काही वाईट नाही. आणि त्या मुलीला कुणी भेटलात तर एवढं सांगा, की डोणीतल्या कुंड्या काढ. तळाशी उजवीकडं एक हिरवा बोळा होता. चिंधी कधीच कुजून गेली असेल, पण भोक गोरोबानं पाडलेलं आहे, ते बुजायचं नाही.